बिडाचे ओतकाम आणि थ्रीडी प्रिंटर

श्रोतेहो, नमस्कार.

एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या तंत्रशोधांविषयी बोलायचे म्हटले, की प्रत्येकाला आधी खिशातला मोबाईल आठवतो आणि ते योग्यच आहे. बोटाच्या स्पर्शावर चालणारा आयफोन २००७ साली आला. यूपीआय २०१६ साली सुरू झाले आणि आज कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर फुलांचा हार घेतानाही आपण तेच वापरतो. करोनाच्या साथीत एमआरएनए पद्धतीची लस प्रथमच कोट्यवधी माणसांना दिली गेली. या सर्वांवर आपण पुष्कळ ऐकले आहे. म्हणून आज मी ज्या यंत्राविषयी बोलणार आहे ते थोडे कमी परिचयाचे आहे, पण शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव अशा ठिकाणी बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ओतकामावर हजारो कुटुंबे जगत असलेल्या आपल्या जिल्ह्याला ते अतिशय जवळचे आहे. ते यंत्र म्हणजे थ्रीडी प्रिंटर, संगणकावरच्या चित्रावरून थरावर थर रचत खरी वस्तू घडवणारे.

या यंत्राचा जन्म विसाव्या शतकातला आहे, हे आधी सांगितले पाहिजे. अमेरिकेतील चक हल यांनी द्रवरूप रेझिन अतिनील किरणांनी थराथराने घट्ट करण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी १९८४ साली अर्ज केला. पुढे काही वर्षांनी स्कॉट क्रम्प या अभियंत्याने आपल्या लहान मुलीसाठी खेळण्यातला बेडूक करताना ग्लू गनमधून प्लास्टिक आणि मेणाचे मिश्रण थरावर थर सोडून पाहिले आणि त्यातून दुसरी पद्धत निघाली. मात्र ही यंत्रे इतकी महाग होती, की मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळांबाहेर ती कोणाला दिसत नसत. हे चित्र बदलले ते २००५ साली. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी ‘रेपरॅप’ नावाचा प्रकल्प सुरू केला, ज्यातील यंत्र स्वतःचेच अनेक प्लास्टिकचे भाग छापू शकेल, आणि त्याचे सर्व आराखडे त्यांनी जगाला खुले करून दिले. मे २००८ मध्ये अशा यंत्राने छापलेल्या भागांतून दुसरे यंत्र उभे राहिले आणि त्या दुसऱ्या यंत्राने लगेच तिसऱ्यासाठी पहिला भाग छापला. २००९ साली क्रम्प यांच्या पद्धतीचे मूळ पेटंट संपले आणि किमती झपाट्याने उतरल्या. म्हणजे शोध विसाव्या शतकातला, पण तो सामान्य कारागिराच्या हाती आला तो एकविसाव्या शतकात, आणि आला तो मुख्यतः आराखडे खुले ठेवल्यामुळे. आपले ज्ञान कुलपात न ठेवणाऱ्या माणसांविषयी मला नितांत आदर आहे आणि शाळेच्या पुस्तकांत युद्धे जिंकणाऱ्यांच्या शेजारी अशा माणसांनाही जागा मिळाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

यंत्राचे काम समजायला अवघड नाही. सोऱ्यातून चकली पडावी तसे, सुमारे २०० अंश सेल्सिअसला वितळलेले प्लास्टिक ०.४ मिलिमीटर छिद्राच्या टोकातून बारीक धारेने पडते आणि संगणकाने आखून दिलेल्या वाटेने थरावर थर बसत जातो. एक थर साधारण ०.२ मिलिमीटरचा. एवढे लक्षात ठेवले तरी पुढचा प्रसंग नीट समजेल.

हा प्रसंग उद्यमनगरातील एका छोट्या पॅटर्नच्या दुकानातला आहे. ओतकामात आधी पॅटर्न लागतो. हव्या त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती करायची, ती वाळूत दाबून काढून घ्यायची आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेले बीड ओतायचे. हे दुकान चालवणारे मिस्त्री सत्तरीच्या पुढचे आहेत. सागवानावर पटाशी चालवताना त्यांच्या हातातून निघणारा गोलवा मी कितीदा तरी डोळे भरून पाहिला आहे. ऐन हंगामात पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गुऱ्हाळाचे मालक त्यांच्याकडे आले. उसाच्या चरकाचे बेअरिंग ज्यात बसते ते बिडाचे हाउसिंग तडकले होते, त्याचा एक कान तुटून पडला होता. चरक इतका जुना, की त्याचे सुटे भाग बाजारात मिळेनासे झाले होते. तोडलेला ऊस बांधावर पडून होता, काहील थंड होती, गुळव्या हात बांधून बसला होता. तोडलेला ऊस वाळत पडला, की गुळाचा उतारा घटतो आणि रंगही बिघडतो, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको.

मिस्त्रींच्या हाताला त्या दिवसांत दुखापत झाली होती. त्यांची नात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. तिच्याकडे मैत्रिणींबरोबर जोडलेला एक लहान थ्रीडी प्रिंटर होता. तिने तुटलेले दोन तुकडे जुळवले, व्हर्नियरने मापे घेतली, संगणकावर चित्र काढले आणि रात्रभरात पॅटर्न छापला. प्रिंटरचा पाट लहान असल्यामुळे तो दोन तुकड्यांत छापून खुंट्यांनी जोडला. सकाळी तिने तो आजोबांसमोर ठेवला. वस्तू अगदी हुबेहूब होती.

मिस्त्रींनी तो हातात घेतला, फिरवला, कडेवरून अंगठा ओढला आणि फूटपट्टी लावली. मग म्हणाले, “पोरी, हे तुटक्या मालाचं माप हाय. बीड थंड झालं की आटतंय. फुटाला एक सूत वाढव.” श्रोतेहो, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ओतलेले बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवावा लागतो. मिस्त्रींच्या दुकानात यासाठी वेगळी पट्टीच आहे, तिच्यावरचा फूट नेहमीच्या फुटापेक्षा एका सुताने मोठा. यंत्राला आकार कळला होता, बिडाचा स्वभाव कळला नव्हता. तो त्याला कोणीतरी सांगावा लागतो.

मग त्यांनी पॅटर्नची उभी भिंत दाखवली. “हिला जरा उतार दे. सरळ भिंत वाळूतनं निघताना कड घेऊन येतीया.” मग थरांच्या बारीक रेषा दाखवल्या, कारण त्या रेषांत वाळू अडकते. जिथे बेअरिंग बसणार तिथे लेथवर कातण्यासाठी जादा माल ठेवायला सांगितले. नातीने आजोबांची प्रत्येक सूचना वहीत लिहून घेतली आणि संगणकावरचे चित्र बदलले. लाकडात हे बदल करायचे म्हणजे बहुधा नवा पॅटर्नच घडवावा लागला असता. इथे आकडे बदलले आणि दुसऱ्या सकाळी नवा पॅटर्न तयार होता. त्यावर तिने पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला, वर लाखेचा हात दिला. मधल्या भोकाच्या जागी बसवायचा वाळूचा गाभा ज्यात घडवतात तो कोअर बॉक्स मात्र मिस्त्रींनी दुखऱ्या हाताने लाकडाचाच केला. साध्या गोल कामाला प्रिंटर कशाला, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते मला पूर्ण पटते.

फाउंड्रीत पोहोचल्यावर आणखी एक अडचण आली. पॅटर्न ज्या प्लास्टिकचा होता त्याला पीएलए म्हणतात आणि ते ६० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते. आधीच्या ओतकामातून परत आलेली वाळू मात्र चांगलीच गरम होती. मिस्त्रींनी ती मुठीत धरून पाहिली आणि वाळूचा साचा भरणाऱ्या मोल्डरला थांबवले. वाळू पसरून निवू दिली आणि मगच पॅटर्न साच्याच्या पेटीत ठेवून भोवती ती हाताने ठोकून घेतली. संध्याकाळी बीड ओतले. दुसऱ्या दिवशी पेटी फोडली तेव्हा हाउसिंगचे दोन्ही कान पूर्ण भरलेले होते. लेथवर भोक कातून बेअरिंग बसवले, ते घट्ट बसले आणि चरक फिरला. ते चित्र नातीने आकसण्याच्या आणि उताराच्या मापांसह जपून ठेवले आहे, आणि तशाच चरकाच्या दुसऱ्या एका गुऱ्हाळमालकासाठी त्यावरून पुन्हा पॅटर्न छापलाही आहे.

या प्लास्टिकविषयी एक गोष्ट आपल्या भागासाठी फार महत्त्वाची आहे. पीएलए खनिज तेलापासून होत नाही. मक्याचे पिष्ट किंवा उसाची साखर आंबवून लॅक्टिक आम्ल काढतात आणि त्यापासून ते बनते. पुन्हा सांगतो, उसापासून बनते. साखर आणि इथेनॉल यांच्या पलीकडे आपल्या सहकारी कारखान्यांनी या पदार्थाकडे गांभीर्याने पाहावे, असे मला मनापासून वाटते. आणि शाळांतून हाताने रेखाटन आणि सुतारकाम शिकवणे बंद पडत चालले आहे, तेही पुन्हा सुरू व्हावे. समोरून, वरून आणि बाजूने वस्तू कशी दिसते हे ज्या मुलीला कागदावर काढता येते, तिला संगणकावर ते सहज जमते.

मोठ्या उद्योगांत हे तंत्र फार पुढे गेले आहे. थेट वाळूचा साचा छापणारी यंत्रे आहेत, ज्यांना पॅटर्न लागतच नाही. मे २०२४ मध्ये श्रीहरिकोट्याहून झेपावलेल्या चेन्नईच्या अग्निकुल कंपनीच्या रॉकेटचे इंजिन धातूत एकसंध छापलेले होते. पण एकच नग हवा असलेल्या शेतकऱ्यासाठी आज तरी पॅटर्न छापून बीड ओतणे हा परवडणारा मार्ग आहे.

म्हणून ज्या श्रोत्यांकडे जुने ऑईल इंजिन, चरक किंवा पंप आहे, त्यांना एवढेच सांगायचे आहे, की तुटलेला भाग भंगारात घालू नका. सगळे तुकडे जपून ठेवा आणि तुटलेल्या कडा घासू नका, कारण त्या जुळवूनच मूळ माप मिळते. भाग दाखवायला नेताना त्यात बसणारे बेअरिंग किंवा शाफ्टही बरोबर न्या, म्हणजे भोकाचे माप झिजलेल्या बिडावरून घ्यावे लागणार नाही. नमस्कार.