पावसाच्या खंडाचं कारण उत्तरेकडे

जुलै-ऑगस्टात पाऊस ओढ देतो. पुण्यात खडकवासल्याच्या पाणीसाठ्याची चर्चा सुरू होते आणि सगळ्यांच्या नजरा पश्चिमेला, घाटमाथ्याकडे लागतात. ढग तिकडूनच येतात, हे खरं. पण खंड का पडला हे समजून घ्यायला उत्तरेला आणि खूप वर, साधारण १२ किलोमीटर उंचीवर पाहावं लागतं.

तिथं पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचा अरुंद पट्टा वाहतो. हाच जेट स्ट्रीम. हिवाळ्यात तो उत्तर भारतावर असतो. उन्हाळ्यात तिबेटचं पठार तापलं की तो पठाराच्या उत्तरेला सरकतो. मग दक्षिण भारतावर, आणखी उंचीवर, पूर्वेकडून येणारा वेगळा जेट प्रस्थापित होतो. त्याचा अभ्यास पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली मांडला.

पश्चिमी जेट सरळ कधीच वाहत नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम ध्रुवाकडे जावं तसा वाढत जातो. त्यामुळे उत्तरेला ढळलेली हवा पुन्हा दक्षिणेला वळते, दक्षिणेला गेलेली उत्तरेला. यातून हजारो किलोमीटर लांबीच्या लाटा उठतात. कार्ल-गुस्ताफ रॉस्बी यांनी १९३९ मध्ये त्यांचं गणित मांडलं, म्हणून त्या रॉस्बी लाटा.

ऐन पावसाळ्यात अशी एखादी लाट पार वायव्य भारतापर्यंत खाली उतरली, की पावसाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी जाऊ शकतो. तिकडे नद्या फुगतात, इकडे महाराष्ट्रात पेरलेलं करपतं. पावसाचा खंड हा पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या जेटच्या परस्परक्रियेतून पडतो, असं सी. रामस्वामी यांनी १९६२ मध्येच मांडलं होतं. आपल्या मॉन्सूनला थेट मध्य अक्षांशांच्या, म्हणजे उष्ण कटिबंध आणि ध्रुव यांच्या मधल्या पट्ट्यातल्या वाऱ्यांशी जोडणारा हा विचार आजही थक्क करतो.

लाट एकाच जागी रेंगाळली, तर काय होतं? जुलै २०१० च्या अखेरीस रशिया उष्णतेनं होरपळत होता, त्याच वेळी पाकिस्तानात सिंधूला महापूर आला. दोन्हींमागे एकाच लाटांच्या साखळीचा हात होता.

आर्क्टिक तापल्यामुळे या लाटा जास्त रेंगाळू लागल्या आहेत का, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. पुण्यातल्या पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेल्या पद्धतीच्या आधारे हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतं. खंडाची चाहूल आधी लागली, तर पेरणी थांबवायची की उरकायची हे शेतकऱ्याला वेळेत ठरवता येतं.