वजिराला स्पॅनिशमध्ये काय म्हणाल?

(हातात वजीर धरून)

हा आपला बुद्धिबळातला वजीर. इंग्रजीत क्वीन. आता स्पॅनिशमध्ये सांगा. राणीला 'रेइना' म्हणतात, म्हणून रेइना? चुकलात असं नाही, घरी खेळताना लोक म्हणतात तसं. पण स्पर्धेत आणि पुस्तकात शब्द चालतो 'दामा', म्हणजे बाईसाहेब.

त्याची सोय बघा. चाल लिहिताना मोहऱ्याचं आद्याक्षर लिहितात. राजा 'रेय', राणी 'रेइना', दोघांचं अक्षर 'आर'. मग हललं कोण? 'डी' लिहिलं की प्रश्नच मिटला.

गंमत म्हणजे हा मोहरा स्पेनमध्येही आधी वजीरच होता. अरबीतून आलेलं नाव 'आल्फेर्सा'. तिरकं एकच घर चालायचा बिचारा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो पटभर धावू लागला आणि दामा झाला. 1497 मध्ये स्पेनमधल्या सालामांका शहरात लुसेना नावाच्या लेखकाचं बुद्धिबळावरचं पुस्तक छापलं गेलं, त्यात जुना खेळही आहे आणि नवा 'दामाचा' खेळही. आपला वजीर तसाच धावतो, पण वजीरच राहिला.

आता मराठी माणसासाठी खास खड्डा. 'आल्फिल' हा शब्द अरबी 'अल्-फील'वरून आला, म्हणजे हत्ती. लगेच कोपऱ्यात ठेवू नका हं! आल्फिल म्हणजे आपला उंट. कोपऱ्यातला हत्ती तिकडे 'तोर्रे', बुरूज. प्यादं मात्र 'पेओन', पायी चालणारा. ऑफिसातला प्यून याच घराण्यातला, पोर्तुगीज शाखेचा.

पत्त्यांत आणखी वेगळं. अस्सल स्पॅनिश कॅटमध्ये राणीच नाही! 10 म्हणजे सोता, आपल्या गुलामासारखा, 11 घोडेस्वार, त्याला नुसतं 'काबाल्यो', घोडा म्हणतात, 12 रेय. बदाम-इस्पिकवाल्या कॅटमधल्या राणीला दामा म्हणा नाहीतर रेइना, दोन्ही चालतं.

आणि खऱ्या राजघराण्यात? तिथे राणी रेइनाच, दामा म्हणू नका. राजाची मुलगी मात्र सरसकट 'प्रिन्सेसा' नाही. स्पेनच्या आताच्या राजाची थोरली मुलगी लेओनोर गादीची वारस, म्हणून ती प्रिन्सेसा. धाकटी सोफिया 'इन्फांता', म्हणजे वारस नसलेली राजकन्या.

शेवटचं, भाषांतर करणाऱ्यांसाठी. 'लोस रेयेस' दिसलं की 'दोन राजे' लिहून मोकळे होऊ नका, राजा-राणीच्या जोडीलाही तेच म्हणतात. लुसेनाचं पुस्तक आलं तेव्हा गादीवर इसाबेल आणि फेर्नांदो होते, 'लोस रेयेस कातोलिकोस'. त्यांना 'कॅथलिक राजे' केलंत, तर इसाबेलला मिशा फुटतील!