किल्ली काढली, तरी दिवा जळतोच आहे

श्रोते हो, नमस्कार.

गाडी बंद केली, किल्ली काढली, दारं लावली. तरीही गाडीत एक वस्तू रात्रभर जागी राहू शकते. आज तिच्याविषयी बोलायचं आहे.

चालकाच्या गुडघ्यांच्या वर, डॅशबोर्डच्या खाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. 2013 च्या एप्रिलपासून आपल्याकडे मोटारींना ओबीडी-2 ची, म्हणजे गाडीनं आपले बिघाड स्वतःच ओळखून सांगायच्या व्यवस्थेची, सक्ती झाली, तेव्हापासूनच्या गाड्यांत ते असतंच. त्यात काडेपेटीएवढा रीडर खोचायचा, मोबाईलला ब्लूटूथनं जोडायचा, की गाडीच्या पोटातलं सगळं पडद्यावर दिसतं. इंजिनाचा दिवा लागला आणि मोबाईलवर पी 0301 असा कोड आला, तर पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे, म्हणजे तिथे इंधन नीट पेटत नाही, हे घरबसल्या कळतं. वस्तू फार कामाची आहे. काम झाल्यावर ती काढायची असते, एवढंच. मी ती काढली नव्हती.

भाऊबीजेला भाच्यानं मला हा रीडर भेट दिला. मी तो लावला आणि तिथेच राहू दिला. डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही नातीच्या बारशासाठी पुण्याला गेलो. बारा दिवस गाडी इथे ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागातल्या आमच्या गल्लीत उभी. परत येऊन किल्लीचं बटण दाबलं, तर दार उघडेना. किल्ली घालून उघडलं, सेल्फ मारला, तर नुसतं कट-कट-कट. ज्याच्याकडे बॅटरी दाखवली त्यानं विचारलं, "किती वर्षं झाली?" मी म्हटलं, तीन. "मग गेली," म्हणाला. मीटर लावलंच नाही. साडेचार हजार मोजून मी नवी बॅटरी बसवली, जुनी बदल्यात दिली.

मग मला खोकला झाला. पाच दिवस मी बाहेर पडलो नाही आणि गाडीही हलली नाही. सहाव्या दिवशी तानसेन समारोहाची, म्हणजे आमच्या इथल्या शास्त्रीय संगीताच्या उत्सवाची, सकाळची सभा होती. माझी आत्या एक्याऐंशीची आहे, आमच्याकडेच असते. माधव संगीत महाविद्यालयात गाणं शिकलेली. हे महाविद्यालय 1918 सालचं, आणि आत्या त्याचं नाव घेते तेव्हा अजून जरा ताठ बसते. समारोहाला तिला सकाळचीच सभा हवी असते, कारण सभेची सुरुवात ध्रुपदानं होते. मलाही वाटतं की आपले लोक रात्री नामवंतांना ऐकायला गर्दी करतात आणि सकाळी मुलं ध्रुपद गातात तेव्हा खुर्च्या रिकाम्या असतात, हे ग्वाल्हेरला शोभत नाही. जवळ राहता, तर सकाळी जा. थंडी असली तरी जा.

तर आत्या शाल पांघरून, कानाला रुमाल बांधून, ओट्यावर तयार बसलेली. मी सेल्फ मारला. कट-कट-कट. नवी कोरी बॅटरी, सहावा दिवस, आणि पुन्हा तेच. चार मुलांनी धक्का दिला, पण धुक्यानं गल्ली ओली, चाकं घसरली, गाडी काही सुरू झाली नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनना बोलावलं. सत्तरीचे आहेत, सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणते.

मी बॉनेट उघडून उभा. चाचा बॉनेटकडे आलेच नाहीत. चालकाचं दार उघडलं, उंबऱ्याशी गुडघे टेकले आणि मान आत घातली. मी मोबाईलचा दिवा धरला, तर म्हणाले, बंद करा. त्या अंधारात, पेडलच्या वर, ज्वारीच्या दाण्याएवढा एक लाल ठिपका मंद जळत होता. चाचा त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "साहब, गाड़ी सो गई, ये जाग रहा है."

जंपर केबल लावून त्यांनी गाडी सुरू केली. वीस मिनिटं चालू ठेवली, मग बंद केली. बॅटरीचं ऋण टोक सोडवलं, ते टोक आणि केबल यांच्या मध्ये मीटर जोडलं आणि म्हणाले, दारं लावून घ्या, आता चहा. चाळीस मिनिटं कुणी गाडीला हात लावायचा नाही, कारण गाडीतले छोटे संगणक बंद केल्याबरोबर झोपत नाहीत, त्यांना वेळ लागतो. चहा झाल्यावर पाहिलं तर मीटरवर 190 मिलिअँपिअर, म्हणजे बंद गाडी एवढा प्रवाह खात होती. चाचांनी हात घालून रीडर उपटला. थोड्या वेळानं आकडा 22 वर आला. तो आकडा खाली आलेला पाहिला, तेव्हा मला माझी जुनी बॅटरी आठवली. तिला कदाचित एक रात्र चार्जिंगला लावली असती तरी पुरलं असतं.

आत्या तासभर ओट्यावर बसून होती. ध्रुपद हुकलं. ती काही बोलली नाही. आत जाऊन तिनं शाल घडी करून ठेवली.

आता हे का झालं ते सांगतो. सॉकेटच्या सोळाव्या पिनेला बॅटरीचा प्रवाह थेट येतो. किल्लीशी तिचा संबंध नाही. पुन्हा सांगतो, किल्ली काढली तरी सोळावी पिन चालूच असते. देव्हाऱ्यातल्या नंदादीपाची ज्योत केवढीशी, पण तेल रात्रंदिवस जातं. साधा रीडर 30 ते 50 मिलिअँपिअर खातो, म्हणजे दिवसाला अँपिअर-तासाच्या आसपास. गाडी स्वतः थोडं खातेच. शिवाय काही स्वस्त रीडर गाडीच्या संगणकांना काहीबाही विचारत राहतात आणि त्यांना झोपूच देत नाहीत, तसंच माझ्याकडे झालं. दिवसाला साडेचार अँपिअर-तास जात होते आणि छोट्या गाडीची बॅटरी असते 35 ची. पाच दिवसांत किती उरणार? त्यात आपली थंडी. पारा उतरला की बॅटरीची ताकद कमी होते आणि इंजिन फिरवायला जोर मात्र जास्त लागतो. खरं तर बॅटरीला झिजवतो आपला मे महिना, कळतं ते डिसेंबरात.

म्हणून काम झालं की रीडर काढा. रोज लागतच असेल, तर इंजिन बंद झाल्यावर आपोआप झोपणारा घ्या, किंवा बटण असलेली जोडकेबल मिळते ती मध्ये लावा आणि बटण बंद करायला विसरू नका. दिवा विझला म्हणून निश्चिंत होऊ नका, दिवा नसतानाही रीडर खात असू शकतो. मीटरनंच खात्री करा. मात्र मीटर असं मध्ये जोडलेलं असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल. रात्रभर उभ्या गाडीचं व्होल्टेज 12.6 असेल तर बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी उरलेली. गाडी चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 दिसलं पाहिजे.

आणखी एक. चौकातून दूध आणायला गाडी काढू नका. एवढ्याशा फेरीत सेल्फनं खाल्लेलं भरून निघत नाही. पायी जा, दूध पायीही येतं आणि रस्त्यात चार माणसं भेटतात. हल्ली आपण शेजाऱ्यांना काचेतून हात करतो, थांबून बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही हजिऱ्याला, समारोहाच्या जागी, वेळेवर पोचलो. पहिलं ध्रुपद आत्यानं डोळे मिटून ऐकलं. तेव्हापासून गाडीतून उतरताना ती दाराला धरून थांबते आणि विचारते, "ते काढलंस का रे?" मी रीडर खिशातून काढून तिला दाखवतो, मग ती पायरी चढते.

नमस्कार.