दोन्ही दुर्बिणी नॉर्मल, मग रक्त जातंय कुठून?

हिमोग्लोबिन परत उतरलंय, रक्त चढवून झालं, तरी पेशंटला चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. तोंडातून एंडोस्कोपी केली, नॉर्मल. खालून कोलोनोस्कोपी केली, तीही नॉर्मल. इथेच बरेच जण थांबतात आणि लोहाच्या गोळ्या तेवढ्या चालू राहतात, आणि आत रक्त गेलं की शौचाला काळं होतं तसं त्या गोळ्यांनीही होतं, म्हणजे रंगावरूनही धड काही कळत नाही.

पण या दोन दुर्बिणींच्या मध्ये साधारण ६ मीटर लहान आतडं असतं आणि ते अजून कुणी बघितलेलंच नसतं!

आधी एक सांगायला हवं, कधी कधी पहिल्याच तपासणीत जखम नजरेतून सुटलेली असते, म्हणून डॉक्टर दुर्बीण परत घालायला सांगतात, त्यावर चिडू नका. तरीही काही नाही सापडलं तर मग कॅप्सूल. इस्रायली इंजिनिअर गाव्हरिएल इदान यांच्या कल्पनेतून आलेला हा गिळायचा कॅमेरा, २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. लांबी जेमतेम २६ मिलिमीटर, आतड्याच्या हालचालीनेच पुढे सरकतो आणि सात-आठ तासांत ५०,००० च्या आसपास फोटो काढतो. दुखत नाही, भूल नाही. मात्र आतडं कुठे अरुंद असेल, क्रोन्सच्या (आतड्याला वारंवार सूज येण्याचा आजार) पेशंटमध्ये असू शकतं तसं, तर तो आत अडकू शकतो, म्हणून आधीचे आजार, ऑपरेशनं सगळं डॉक्टरांना सांगायचं, पेनकिलर घेत असाल तर तेही, कारण काही पेनकिलरनेही लहान आतड्यात जखमा होतात.

आणि वेळ फार महत्त्वाची. रक्तस्राव झाल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत कॅप्सूल दिली तर कारण सापडायची शक्यता जास्त, अपॉइंटमेंट महिनाभर पुढे गेली की ती कमी होत जाते. रक्त जोरात जात असेल तर मात्र कॅप्सूलची वाट बघायची नाही, थेट सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन.

वय जास्त असेल तर बहुतेक वेळा अँजिओडिस्प्लेसिया निघतो, म्हणजे आतड्याच्या अस्तरातल्या नाजूक, फुगलेल्या रक्तवाहिन्या. तरुणांमध्ये क्रोन्स, गाठ किंवा लहान आतड्याला जन्मापासून असलेली छोटी पिशवी, मेकेल्स. कॅप्सूल फक्त दाखवते, तिथे पोचून उपचार करायला बलून एंटरोस्कोपी लागते, जपानच्या हिरोनोरी यामामोतोंनी आणलेली. फुगे फुगवत-सोडवत आतडं दुर्बिणीवर गोळा करत आत जायचं, वाहिनी जाळायची किंवा तुकडा तपासायला घ्यायचा. अँजिओडिस्प्लेसिया जाळल्यावरही पुन्हा रक्त जाऊ शकतं, म्हणून नंतरही हिमोग्लोबिन तपासत राहावं लागतं.