बापाचा शब्द आणि पाठचा भाऊ

अतिमानवी विषयावरच्या मालिकेत भूत लिहिणे तुलनेने सोपे असते. त्याला एक जुनी कहाणी, एक अपुरी इच्छा आणि शांत होण्याचा एक उपाय दिला की भाग उभा राहतो. अवघड असतात ती त्या भुताच्या मागावर निघालेली माणसे. म्हणूनच आजच्या व्याख्यानासाठी मी ‘सुपरनॅचरल’ ही अमेरिकन मालिका निवडली आहे. एरिक क्रिपके यांनी निर्माण केलेली ही मालिका १३ सप्टेंबर २००५ रोजी सुरू झाली आणि १५ पर्वे, ३२७ भाग झाल्यावर १९ नोव्हेंबर २०२० रोजी संपली. तिचा खरा आधार डीन आणि सॅम हे दोन भाऊ आहेत, आणि त्यांच्या नात्याची घडण वडिलांच्या एका आज्ञेतून झाली आहे, असे माझे म्हणणे आहे.

२ नोव्हेंबर १९८३ च्या रात्री कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी घराला आग लागते, आई दगावते, आणि वडील जॉन विंचेस्टर सहा महिन्यांच्या सॅमला चार वर्षांच्या डीनच्या हाती देऊन, याला घेऊन बाहेर पळ, असे सांगतात. डीनचे पुढचे आयुष्य म्हणजे त्या आज्ञेचे पालन आहे. तो वडिलांची गाडी चालवतो, त्यांचीच मते बोलतो. सॅम मात्र त्यांच्याशी भांडून शिकायला निघून जातो.

आपल्या भागातल्या प्रेक्षकाला ही मांडणी परकी वाटू नये. मार्गशीर्ष पौर्णिमेला ‘उदं गं आई उदं’च्या गजरात सौंदत्तीचा डोंगर चढणाऱ्यांना रेणुकेची कथा ठाऊक असते. जमदग्नींनी आईला मारण्याची आज्ञा दिली; थोरल्या चार मुलांनी ती पाळली नाही, म्हणून त्यांना शाप मिळाला; धाकट्या परशुरामाने ती पाळली आणि मिळालेल्या वरातून आईला व भावांना परत मागून घेतले. महाभारताच्या वनपर्वातही ही कथा आहे, पण भावंडांची कथा म्हणून आपण ती क्वचितच वाचतो. शाप उतरल्यावर त्या चौघांना परशुरामाकडे पाहताना काय वाटले असेल, याविषयी तिथे काही येत नाही. मालिका नेमकी त्या जागेत शिरते.

दुसऱ्या पर्वाच्या आरंभी मरणापूर्वी जॉन डीनच्या कानात काही सांगतात आणि लेखक ते बरेच भाग दडवून ठेवतात: सॅमला वाचव, आणि वाचवता आले नाही तर त्याला मारून टाक. आज्ञाधारक मुलापुढे आता एकाच तोंडातून आलेले दोन शब्द उभे राहतात. त्या पर्वाच्या अखेरीस सॅम मारला जातो, तेव्हा डीन आपला आत्मा विकून, स्वतःसाठी केवळ एक वर्षाचे आयुष्य ठेवून, त्याला परत आणतो. हा त्याग मोठा आहे यात शंका नाही. पण सॅमला कोणी विचारलेले नसते.

घर सावरण्यासाठी थोरल्याने शाळा सोडून निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत किंवा बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम धरले आणि धाकट्याला शिकवले, अशी घरे आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिली आहेत. तिथे माया आणि अधिकार एकाच ताटात वाढले जातात, आणि धाकट्याला नकार देण्याची सोय उरत नाही. सॅमचे पात्र मोठे होते ते याच अडचणीतून. तिसऱ्या पर्वातल्या नाताळच्या भागात लहानगा सॅम वडिलांसाठी ठेवलेला ताईत, वडील आलेच नाहीत म्हणून, डीनच्या हाती देतो. वडिलांची जागा भावाकडे गेल्याचे इतक्या थोड्या शब्दांत सांगणारा दुसरा प्रसंग मालिकेत नाही.

क्रिपके यांनी मूळ आराखडा पाच पर्वांचा आखला होता. पाचव्या पर्वाच्या शेवटी सैतानाला आपल्या देहात घेऊन त्याच्यासह, त्याला कोंडणाऱ्या पिंजऱ्यात उडी घेण्याचा निर्णय सॅम करतो आणि डीन तो मान्य करतो. थोरला प्रथमच धाकट्याला प्रौढ मानतो. नंतरच्या लेखकांनी मात्र हे शिक्षण डीनकडून काढून घेतले. नवव्या पर्वात तो मरणासन्न सॅमला फसवून त्याच्या देहात एका देवदूताला प्रवेश मिळवून देतो, आणि पुढे सॅम त्याला तोंडावर सांगतो की, तशाच परिस्थितीत मी तुझ्यासाठी असे केले नसते. हे वाक्य मला संपूर्ण मालिकेतले सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटते, आणि ते उच्चारल्यावर त्याची धग इतक्या लवकर विझू द्यायला नको होती, अशी माझी तक्रार आहे.

शेवटच्या भागाबद्दल प्रेक्षकांत तीव्र मतभेद झाले. एका साध्या मोहिमेत डीन जबर जखमी होतो आणि मला परत आणू नकोस, असे सॅमला विनवतो. मला हा शेवट योग्य वाटतो, कारण सॅम रडतो, तू जा म्हणतो, आणि कोणताही सौदा करत नाही.