शंभरपैकी शंभर, आणि सिलिंडर भिंतीवरच

[दृश्य : कारखान्याचं कॅन्टीन. मोबाईलवर व्हिडिओ चालू. अंगठा 'पुढे' या बटणावर.]

आग लागली तर काय करायचं, याचं ऑनलाइन प्रशिक्षण चाललंय. शेवटी दहा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. अग्निशामक सिलिंडरचा रंग कोणता? लाल. बरोबर! प्रमाणपत्र डाउनलोड करा.

उद्या इलेक्ट्रिक पॅनेलमधून धूर यायला लागला, तर हा गडी काय करेल? त्या दहा प्रश्नांवरून कुणालाच सांगता येणार नाही. आणि पहिल्याच स्लाइडवर उद्दिष्ट मात्र ठळक छापलेलं : 'प्रशिक्षणार्थी योग्य अग्निशामक निवडून वापरू शकेल.' उद्दिष्ट वापरण्याचं, परीक्षा पाठांतराची.

[दृश्य : कृष्णधवल छायाचित्रं, विद्यापीठाची इमारत, प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे.]

ही तफावत पकडायचं साधन जुनंच आहे. १९४८ साली बोस्टनमध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं अधिवेशन भरलं होतं. तिथे विद्यापीठांच्या परीक्षा घेणारी काही मंडळी एकत्र बसली. एकमेकांचे प्रश्न वापरायचे, तर कुठला प्रश्न नेमकं काय तपासतो हे सांगणारी समान भाषा हवी होती. शिकागो विद्यापीठाचे बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये ती पुस्तकात मांडली : ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन.

प्रश्न काढणाऱ्यांसाठी केलेली ही वर्गवारी. या सहा पायऱ्या एकावर एक रचलेला, आज प्रत्येक सादरीकरणात दिसणारा तो रंगीत त्रिकोण मूळ पुस्तकात नाहीच.

१९५७ मध्ये ब्लूम भारतात आले, परीक्षा सुधारणेच्या कामासाठी. आपल्याकडे डी.एड., बी.एड. केलेल्या कुणालाही विचारा. पाठ टाचणात 'ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य' लिहून लिहून बोटं दुखलेली असतात. रकाने भरले, तास मात्र तसाच झाला, हाही अनुभव जुनाच.

२००१ च्या सुधारित मांडणीत नामांची क्रियापदं झाली : आठवणे, समजणे, वापरणे, विश्लेषण करणे, मूल्यमापन करणे, निर्माण करणे. ऑनलाइन कोर्स तयार करणाऱ्यांनी ती क्रियापदं आनंदाने उचलली, पण फक्त उद्दिष्टाच्या स्लाइडपुरती.

[दृश्य : संगणकाचा पडदा. जुना प्रश्न खोडला जातो, नवा टाइप होतो.]

मग काम उलट्या टोकाने सुरू करून पाहू. आधी प्रश्न लिहू, व्हिडिओचं नंतर बघू.

'पॅनेलमधून ज्वाळा निघताहेत. वीज बंद झालेली नाही. भिंतीवर दोन सिलिंडर : एक पाण्याचा, एक कार्बन डायऑक्साइडचा. बाहेरचं दार पॅनेलच्या पलीकडे. तुम्ही काय कराल?'

इथे रंग आठवून भागत नाही. चालू विजेवर पाणी नको, हे ठाऊक हवं. पण योग्य सिलिंडर निवडूनही माणूस चुकू शकतो. सिलिंडर काही सेकंदांत रिकामा होतो, आणि सुटकेची वाट तर आगीमागे. चुकीच्या उत्तरावर लाल फुली दाखवून थांबू नका. पुढे काय घडलं असतं ते दाखवा. पडद्याला हे छान जमतं, आणि नेमकं हेच कुणी करत नाही, कारण असा एक प्रश्न लिहायला अख्खी दुपार जाते. रंगाचे दहा प्रश्न चहा संपेपर्यंत होतात.

या प्रश्नामुळे व्हिडिओलाही कात्री लागते. आगीचा इतिहास गेला, व्यवस्थापकांचं मनोगत गेलं. राहिले आगीचे प्रकार, वीज तोडायची जागा, आणि मागे कधी फिरायचं.

एवढं करूनही पडदा एका जागी थांबतो. निवड डोक्यात होते, सिलिंडर हातात धरावा लागतो. ब्लूम यांच्या सहा पायऱ्या विचारांच्या आहेत. हाताच्या कौशल्याचं क्षेत्र त्यांनी वेगळं मानलं होतं.

[दृश्य : कारखान्यामागचं मोकळं आवार. पत्र्याच्या ट्रेमध्ये पेटवलेली आग. तोच कामगार, हातात सिलिंडर.]

ऑनलाइन परीक्षेत याला पैकीच्या पैकी गुण आहेत. पिन ओढतो. निघत नाही. पुन्हा ओढतो. घाईत दुसऱ्या हाताने दांडा दाबून धरलाय, म्हणून पिन अडकलीय. शेजारचा ओरडतो, "अरे, दांडा सोड आधी!"