दिवाळी अंकाचा तक्ता उजवीकडून का काढायचा?

नमस्कार मंडळी. माझ्या मागे भिंतीवर ब्राउन पेपर दिसतोय ना, तो आमच्या दिवाळी अंकाचा तक्ता. आडव्या रंगीत पट्ट्या म्हणजे कामं, वर आठवडे, आणि मधून फिरतोय तो लाल दोरा. दोऱ्याकडे नंतर येते.

आम्ही सहा जण, सगळे नोकऱ्या सांभाळून अंक काढणारे. पहिल्या वर्षी आमच्याकडे फक्त यादी होती. छान एक्सेलमध्ये केलेली, ग्रुपवर टाकलेली. अंक स्टॉलवर पोचला तेव्हा लोकांची भाऊबीज उरकली होती.

झालं काय, तर मुखपृष्ठाचं चित्र ऑगस्टमध्येच आलं. यादीत टिक, सगळे खूश. पण मुखपृष्ठ छापायला जाईना. का? तर अंकाचा कणा, म्हणजे पानं जिथे बांधतात ती कडेची पट्टी, किती जाड ते ठरेना. कणा ठरतो पानांच्या संख्येवर आणि कागदाच्या जाडीवर. पानं ठरेनात, कारण जाहिराती अजून येतच होत्या. बरं, पानं काही एक-दोन अशी वाढत नाहीत. आमच्या छापखान्यात सोळा पानांचा फॉर्म, म्हणजे सोळा पानं एकत्रच छापली जातात. दोन जाहिराती वाढल्या की एकतर कोणाची तरी कथा जाणार, नाहीतर आणखी सोळा पानं भरायची. म्हणजे मुखपृष्ठ अडलं होतं जाहिराती आणणाऱ्या मित्रापाशी, आणि त्या बिचाऱ्याला पत्ताच नव्हता! त्याला वाटत होतं, शेवटच्या दिवसापर्यंत जाहिराती आणतोय म्हणजे पुण्यच पदरात पडतंय.

लाल दोरा आहे तो हाच: जाहिराती, पानं, कणा, मुखपृष्ठ, छपाई, बांधणी. यातलं एक काम चार दिवस लांबलं की अंक चार दिवस लांबला. कवितांचं मुद्रितशोधन दोऱ्याबाहेर आहे. तिथे दोन दिवस इकडेतिकडे झाले तर मी कोणाला फोन करत नाही.

अशा तक्त्याला गँट चार्ट म्हणतात. हेन्री गँट हा अमेरिकन इंजिनियर, त्याने १९१०च्या दशकात तो रूढ केला. खरं तर पोलंडच्या कारोल आदामिएत्स्कीने १८९६ मध्येच असा तक्ता काढला होता. पण त्याने लिहिलं पोलिश आणि रशियनमध्ये, म्हणून नाव गँटचं झालं. मराठीत लिहिणाऱ्यांना हे दुःख नवीन नाही.

आता तो काढायचा कसा? उजवीकडून. अगदी उजव्या टोकाला अंक बाजारात येण्याचा दिवस. तिथून मागे बांधणी, छपाई, शेवटचं प्रूफ, असं सरकत यायचं. डावीकडून सुरू केलं की सगळ्यांना जूनमध्ये वेळच वेळ दिसतो.

आणि वर तारखा लिहू नका. लक्ष्मीपूजन २०२४ ला १ नोव्हेंबरला होतं, २०२५ ला २१ ऑक्टोबरला, २०२६ ला ८ नोव्हेंबरला. गेल्या वर्षीच्या तारखा उचलल्या की फसलात. आम्ही तिथीला धरून आठवडे मोजतो. अनंत चतुर्दशी ते लक्ष्मीपूजन साधारण दीड महिना मिळतोच, फक्त २०२० सारखा अधिक आश्विन आला की गणित बदलतं. गणपतीचे दहा दिवस मी पेन्सिलीने काळे करून टाकते, त्यात कोणाच्याही नावावर काम नाही. पुढचा पितृपक्ष फिकट करते. कामं चालू असतात, पण आमचे काही दुकानदार त्या पंधरवड्यात जाहिरातीचा चेक लिहीत नाहीत.

सॉफ्टवेअर वापरायचं तर वापरा, पण पट्ट्या दहा-बाराच ठेवा. प्रत्येक लेखाची वेगळी पट्टी केली होती एका वर्षी, तक्ता कोणी बघायलाच तयार नाही.

यंदा जाहिरातींची पट्टी मी लावली नाही. त्या मित्रानेच आणली, तीही दोन आठवडे आधीच कापलेली. थांबा, कॅमेरा जवळ नेते. दिसतंय? खाली बारीक अक्षरात त्याने लिहून ठेवलंय, ‘पुढे कणा आहे.’